अझुसा स्ट्रीटच्या आधीचे केडगाव

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या आग्रहामुळे हडपसरमधील एका पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या उपासनेला गेलो होतो. मी स्वतः या पंथाचा नाही. पण चळवळींच्या इतिहासाची आवड असल्यामुळे अशी निमंत्रणे मी सहसा नाकारत नाही. त्या दिवशी पाळकसाहेबांनी पेंटेकोस्टल चळवळीचा उगम हाच विषय घेतला होता. १९०६ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात अझुसा स्ट्रीटवर पवित्र आत्म्याचा वर्षाव झाला आणि तिथून ती ज्योत जगभर, शेवटी आपल्यापर्यंत, कशी पोहोचली हे त्यांनी तन्मयतेने सांगितले. ज्या सभागृहात ते बोलत होते तिथून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर दौंड तालुक्यातले केडगाव आहे. अझुसा स्ट्रीटच्या जवळजवळ वर्षभर आधी तिथे जे घडले त्याचा एका शब्दानेही उल्लेख झाला नाही, आणि ही पोस्ट लिहिण्याचे कारण तेच आहे.

अझुसा स्ट्रीटची कथा सांगण्याजोगी आहे, यात वाद नाही. विल्यम सीमूर यांचा जन्म १८७० मध्ये लुइझियाना राज्यात, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. ह्यूस्टनमध्ये चार्ल्स पॅरहॅम यांच्या बायबल शाळेत ते शिकायला गेले, तेव्हा वर्णभेदाच्या रिवाजामुळे त्यांना वर्गात बसता आले नाही. दाराबाहेर बसून त्यांनी धडे ऐकले. पॅरहॅम यांची शिकवण अशी होती की, ज्याला पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा मिळाला तो अन्य भाषांत, म्हणजे कधीही न शिकलेल्या भाषांत बोलू लागतो आणि हेच त्या बाप्तिस्म्याचे पहिले चिन्ह होय. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील पेंटेकॉस्टच्या दिवसाच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवसाच्या वर्णनावर ही शिकवण उभी होती. १९०६च्या सुरुवातीला सीमूर लॉस एंजेलिसला एका छोट्या मंडळीच्या निमंत्रणावरून आले, हीच शिकवण त्यांनी दिली, आणि काही दिवसांतच त्या मंडळीने त्यांच्यासाठी दाराला कुलूप लावले. मग बॉनी ब्रे स्ट्रीटवरील एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात प्रार्थना सुरू झाल्या. ९ एप्रिलला तिथे लोक अन्य भाषांत बोलू लागले, गर्दी घरात मावेना, आणि ३१२ अझुसा स्ट्रीट इथली एक पडीक इमारत भाड्याने घेण्यात आली. ती एकेकाळी चर्च होती. पुढे तबेला आणि गोदाम म्हणून वापरली गेली होती. लाकडी खोक्यांचे व्यासपीठ, फळ्यांची बाके, दिवसातून तीन उपासना आणि एकाच बाकावर गोरे, काळे, मेक्सिकन, श्रीमंत बायका व त्यांच्याच घरच्या मोलकरणी. १८ एप्रिलला स्थानिक वृत्तपत्राने या ‘विचित्र गोंगाटा’ची खिल्ली उडवणारी बातमी छापली आणि त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत महाभूकंप झाला. भयभीत झालेल्या लोकांना त्या गोंगाटात ईश्वरी इशारा दिसला असेल तर त्यात नवल नाही.

आता केडगाव. पंडिता रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात: १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या पंडिता व सरस्वती या पदव्या, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये घेतलेला बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत काढलेले आणि पुढे पुण्याला हलवलेले शारदा सदन, धर्मांतराच्या आरोपावरून उठलेले वादळ आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून घेतलेला काढता पाय. त्यानंतर दुष्काळातील मुलींना दिलेला आसरा आणि केडगावचे मुक्ती मिशन येते. तिथून पुढचे आपण फारसे वाचत नाही. सुधारक रमाबाई आपल्याला चालतात, पण रात्र रात्र प्रार्थना करणाऱ्या रमाबाईंचे काय करावे हे आपल्याला आजवर कळलेले नाही.

ऑस्ट्रेलियात मोठ्या उज्जीवन सभा (रिव्हायव्हल, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या सभा) झाल्याचे कानावर आले, तेव्हा रमाबाईंनी १९०३च्या सुमारास आपली कन्या मनोरमा आणि अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांना तिकडे पाठवले. पुढे वेल्समधील १९०४च्या उज्जीवनाची बातमी आली. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुक्तीतल्या सत्तर जणींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला सांगितले. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली होती आणि बैठका दिवसातून दोनदा होत होत्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगाला आग लागल्याचा अनुभव आला. शेजारच्या मुलीलाही ती आग दिसली, ती धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली, आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आले की जळत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय समजावून सांगत असताना समोरच्या सगळ्या मुली मोठ्याने रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या, आणि रमाबाईंना पाठ थांबवावा लागला.

मला स्वतःला त्या आगीपेक्षा ती बादली अधिक महत्त्वाची वाटते. भ्रमाची, अतिरंजनाची वर्णने सर्व धर्मांत सापडतात. पण ऐन दिव्य क्षणी मैत्रीण भाजेल म्हणून पाणी आणायला धावणारी दुष्काळातून वाचलेली पोर कोणी रचून सांगेल असे वाटत नाही. त्या मुलींपैकी कित्येकींनी उपासमारीत घरची माणसे मरताना पाहिली होती. ज्यांना आयुष्यात कोणी मोठ्याने रडूही दिले नव्हते त्यांना एका सभागृहात, सर्वांसमक्ष, हवे तितके रडण्याची मुभा मिळाली, हेही या घटनेचे एक स्पष्टीकरण असू शकते. श्रद्धावानांना ते अपुरे वाटेल, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पुरेसे वाटत नाही.

या गोंगाटावर टीका झाली आणि ती प्रामुख्याने मिशनरी मंडळींकडूनच झाली. रमाबाईंनी दिलेले उत्तर त्यांच्या साऱ्या आयुष्याशी सुसंगत होते. इंग्रजी व अमेरिकन सभ्यतेच्या उंचीला जे पोहोचत नाही ते सगळे सैतानाचे का मानायचे, आणि भारतीय ख्रिस्ती लोकांमध्ये कार्य करण्याचे स्वातंत्र्य पवित्र आत्म्याला का असू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुण्याच्या शास्त्र्यांना न जुमानणारी ही बाई इंग्लंडमध्ये आपल्या अँग्लिकन गुरुभगिनींशीही धर्मतत्त्वांवरून वाद घालत राहिली होती, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या उत्तराचे आश्चर्य वाटणार नाही.

मग इतिहासाने अझुसा स्ट्रीटला उगमस्थान मानले आणि केडगावला ओळीबाहेर का ठेवले? याचे एक कारण ते चिन्ह आहे. १९०५ मध्ये मुक्तीत जे घडले त्यात रडणे, कबुली, आनंद, दाह हे सर्व होते. अन्य भाषांत बोलण्याच्या नोंदी तिथे १९०६च्या उत्तरार्धापासून मिळतात. इंग्रजी न येणारी मुलगी इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे दौंडचे मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी लिहून ठेवले. (इंग्रजी बोलणाऱ्या बायकांच्या सहवासात वर्षानुवर्षे राहणाऱ्या मुलीच्या कानावर इंग्रजी प्रार्थना पडलीच नसेल असे मानणे मला जड जाते, पण ते असो.) रमाबाईंनी या प्रकाराची पाठराखण केली, मात्र प्रत्येकाला हेच चिन्ह मिळाले पाहिजे, असा आग्रह त्यांनी कधी धरला नाही आणि त्या स्वतः अन्य भाषांत बोलल्या नाहीत. पॅरहॅम यांचे माप लावायचे तर केडगाव नापास होते. परंतु हे माप कोणी ठरवले आणि ते केडगावला का लागू करायचे, हा प्रश्न इतिहास लिहिणाऱ्यांनी फार उशिरा विचारला.

त्या मापाचे काय झाले याचाही एक किस्सा आहे. आल्फ्रेड व लिलियन गार हे दांपत्य अझुसा स्ट्रीटवरून थेट कलकत्त्याला आले. आपल्याला आत्म्याने बंगाली भाषा दिली आहे, असा त्यांचा विश्वास होता. कलकत्त्यातल्या बंगाल्यांना त्यातले काहीच कळेना. गार परत फिरले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. अन्य भाषा ही प्रचारासाठी नसून प्रार्थनेसाठी आहे, असा अर्थ लावून त्यांनी काम चालू ठेवले, आणि कालांतराने बहुतेक चळवळीने तोच अर्थ स्वीकारला.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. अझुसा स्ट्रीटच्या मंडळीचे स्वतःचे एक वृत्तपत्र होते, ते फुकट वाटले जाई, आणि त्याच्या प्रती पन्नास हजारांपर्यंत छापल्या जात. रेल्वे आणि आगबोटींच्या त्या काळात लोक तिथे येत, पेटून उठत आणि आपापल्या गावी परतत. मुक्तीतून मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत प्रचाराला जात होत्या खऱ्या, पण रमाबाईंना नवा पंथ काढायचाच नव्हता. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि छपाईचे कामही मुक्तीतल्या बायकांकडूनच करून घेतले.

तरीही केडगावहून एक धागा फार दूर गेला. मिनी एब्रम्स यांनी मुक्तीतील अनुभवावर एक पुस्तिका लिहिली होती. १९०७ मध्ये त्यांनी तिची प्रत दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या व्हाल्पाराइसो बंदरात राहणाऱ्या आपल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. शिकागोच्या प्रशिक्षण शाळेत त्या दोघी एकत्र होत्या. मैत्रिणीचे पती विलिस हूव्हर तिथल्या मेथडिस्ट मंडळीचे पाळक होते. दांपत्याने ती पुस्तिका वाचली, मंडळीने प्रार्थना सुरू केली, आणि १९०९ मध्ये तिथे उज्जीवन उसळले. मेथडिस्ट अधिकाऱ्यांना ते सोसले नाही. १९१० मध्ये हूव्हर बाहेर पडले आणि चिलीची स्वतंत्र पेंटेकोस्टल मंडळी उभी राहिली. तिला परदेशी मिशनचा पैसा नव्हता. चांभार, हमाल, शेतमजूर असे लोक रस्त्यावर उभे राहून साक्ष देत. २००२च्या जनगणनेत चिलीतील सुमारे १५ टक्के लोकांनी स्वतःला इव्हँजेलिकल (तिथे याचा अर्थ साधारणपणे प्रोटेस्टंट) म्हणून नोंदवले, आणि त्यांतील बहुसंख्य पेंटेकोस्टल आहेत. लॉस एंजेलिस हे एकच मूळ धरले तर या शाखेचा उलगडा होत नाही, कारण तिची पहिली ठिणगी पुणे जिल्ह्यातून गेलेली आहे. अझुसा स्ट्रीटचे आद्य वृत्तांतकार फ्रँक बार्टलमन यांनीही हे उज्जीवन वेल्समध्ये पाळण्यात होते, भारतात वाढले आणि लॉस एंजेलिसमध्ये प्रौढ झाले, अशा आशयाचे लिहिले होते. पुढच्या पिढ्यांनी या वाक्यातले मधले पद गाळून टाकले.

गाळले ते भारतालाच असेही नाही. ऑक्टोबर १९०६ मध्ये पॅरहॅम अझुसा स्ट्रीटला आले आणि काळ्या-गोऱ्यांची ती सरमिसळ पाहून संतापले. १९१४ मध्ये आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज इथे असेंब्लीज ऑफ गॉड ही पेंटेकोस्टल मंडळींची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे सदस्य प्रामुख्याने गोरे होते आणि कारभारात स्त्रियांना मत नव्हते. एका काळ्या पाळकाने आणि घरोघरी कपडे धुणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी सुरू केलेल्या चळवळीची नियमावली आठ वर्षांत दुसऱ्यांच्या हाती गेली. सीमूर १९२२च्या सप्टेंबरमध्ये जवळजवळ विस्मृतीत वारले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये केडगावला रमाबाई गेल्या होत्या. अझुसा स्ट्रीटची इमारत १९३१ मध्ये पाडण्यात आली. मुक्ती मिशन मात्र अजून उभे आहे.

चळवळीचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे. दोन स्वीडिश तरुणांनी ती ब्राझीलला नेली, केरळात के. ई. अब्राहम यांनी परदेशी मिशनऱ्यांच्या आधिपत्याबाहेर इंडियन पेंटेकोस्टल चर्च उभे केले, १९६०च्या दशकात ती अँग्लिकन व कॅथलिक चर्चमध्येही शिरली आणि ‘करिझ्मॅटिक’ हे नाव रूढ झाले. कॅथलिकांमधील ही लाट १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांपासून निघाली आणि १९७०च्या दशकात मुंबईपर्यंत आली. गोव्यात मात्र चर्च सोडून स्वतंत्र मंडळीत जाणाऱ्यांना आजही ‘बिलिव्हर्स’ असे काहीशा तिरकस सुरात म्हटले जाते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे २७ कोटी ९० लाख पेंटेकोस्टल आणि ३० कोटी ५० लाख करिझ्मॅटिक ख्रिस्ती होते. आरोग्यदानाचे जाहीर कार्यक्रम, दशमांशाच्या (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याच्या) मोबदल्यात भरभराटीची आश्वासने, औषध बंद करण्याचे सल्ले हे सगळे या विस्ताराबरोबर आले, आणि त्यावर कठोर टीका झालीच पाहिजे. पण केवळ पैशाने किंवा आमिषाने ही वाढ झाली, असे आपल्याकडे जे सरसकट म्हटले जाते, ते चिलीच्या चांभारांचा आणि केडगावच्या अनाथ मुलींचा इतिहास पाहता टिकत नाही. ज्यांना उभे राहून बोलण्याची संधी कुठेच नव्हती त्यांना ती इथे मिळाली. पुढे बोलणाऱ्यांच्या हाती माइक आला आणि ऐकणाऱ्यांची संख्या वाढली, ही निराळी गोष्ट.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना भेटलो आणि केडगावविषयी थोडक्यात सांगितले. माणूस सौजन्यशील होता. त्यांनी चहा मागवला आणि सारे लक्षपूर्वक ऐकले. रमाबाईंच्या भाषांतरातील बायबल त्यांच्या आजीकडे होते, हेही त्यांनी आठवणीने सांगितले. मग जरा थांबून त्यांनी विचारले, “पण त्या स्वतः अन्य भाषांत बोलल्या होत्या का?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पुढच्या रविवारी गायनमंडळाचा सराव किती वाजता आहे, हे माझ्या सहकाऱ्याला सांगू लागले.