झाकण उडतंय का?

फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतींवर बोलता बोलता मला परवा भर हॉटेलात गप बसवण्यात आलं. "सर, तुम्ही थांबा ना जरा, मामाला बोलू द्या," असं ज्या पोराने मला सुनावलं, त्याच्या टी-शर्टवर फेरारीचा उधळलेला घोडा होता. तो घोडा त्याला बहुधा एखाद्या बनियनवाल्याचा वाटत असावा. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

निमित्त येत्या रविवारच्या सिंगापूर ग्रां प्रीचं, म्हणजे तिथल्या शर्यतीचं. आपल्या घड्याळात ती संध्याकाळी साडेपाचला सुरू होते. घरच्या टीव्हीवर त्या वेळी पाहुण्यांचा ताबा, आणि मोबाईलवर बघायला मन होत नाही. म्हणून वसमत रोडवरच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलातला भिंतीवरचा टीव्ही दोन तासांपुरता मागायला गेलो. मालक भला माणूस. "लावू की सर. फक्त काय असतंय ते गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे," म्हणाला. मी सांगायला लागलो.

परभणीतले फॉर्म्युला वनचे चाहते एका ऑटोत मावतात. एक मेडिकलवाला आहे, तो फेरारी संघाचा. त्यांच्या राइकोननने 2007 मध्ये जगज्जेतेपद जिंकलं, त्यानंतर फेरारीच्या कुठल्याच ड्रायव्हरला ते मिळालेलं नाही. तेव्हापासून हा दरसाल डिसेंबरात "पुढल्या वर्षी बघ" म्हणतो आणि उधारीवाल्यांकडूनही तेच ऐकून घेतो. दुसरा जिंतूरकडचा शेतकरी. सिंगापूर नेमकं सोयाबीनच्या काढणीत येतं, त्यामुळे त्याचं येणं मळणी यंत्राच्या मर्जीवर. बाकीचे येतो म्हणतात आणि क्रिकेटचा सामना असला की येत नाहीत.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडे छाती फुगवून म्हणतात. आता बघा, शूमाकर आणि फेटेल या जगज्जेत्या ड्रायव्हरांची जर्मनी, मर्सिडीजची जर्मनी. पण 2020 नंतर जर्मनीत एकही ग्रां प्री झालेली नाही. परभणीतही झालेली नाही. म्हण खरी करायला आमच्या बाजूने काही करावं लागलं नाही, जर्मनीच खाली आली. भारताचं म्हणाल तर 2011 ते 2013 अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाला शर्यत झाली, तिन्ही फेटेलने जिंकल्या, मग कराच्या भानगडीत सगळं गुंडाळलं गेलं. त्यानंतर आम्ही दुसऱ्यांच्या गावचे रस्ते बघत बसतो.

तर मी मालकाला सांगत होतो, की सिंगापूरला वेगळा ट्रॅक नाही. शहरातलेच रोजचे रस्ते बंद करतात, पाचएक किलोमीटरचा फेरा, तसे 62 फेरे. 2008 पासून तिथे रात्री, दिव्यांच्या उजेडात पळवतात. फॉर्म्युला वनमधली पहिली रात्रीची शर्यत तीच. दोन्ही बाजूंना भिंती. जरा चुकलं की गाडी भिंतीवर. म्हणूनच 2008 ते 2023 पर्यंत तिथे जेवढ्या शर्यती झाल्या, त्या प्रत्येकीत निदान एकदा तरी सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी पुढची गाडी, बाहेर काढावी लागली. मी अगदी रंगात आलो होतो.

"बंद कुणी केला?"

कोपऱ्यातल्या टेबलावरून प्रश्न आला. तिथे मुकादम मामा बशीत चहा ओतत होते. मामा बांधकाम खात्यात मैलमजूर म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. जिल्ह्यातला कुठला रस्ता कुठल्या साली कुठल्या गुत्तेदाराने खाल्ला, हे त्यांना तोंडपाठ आहे.

"काय बंद केला मामा?"

"रस्ता रे. कलेक्टरनं का एसपीनं? डायव्हर्शन कुठून दिलं? बोर्ड लावला का न्हाई?"

मी म्हणालो, तिथलं सरकारच करतं सगळं. मामांनी मान हलवली, म्हणजे उत्तर नापास. मग त्यांनी रुंदी विचारली. सिंगापूरची नेमकी सांगता येईना म्हणून मी बाकूची सांगितली. अझरबैजानमधलं शहर, तिथेही रस्त्यावरच शर्यत होते, जुन्या किल्ल्यापाशी रस्ता जेमतेम 7.6 मीटर.

"साडेसात म्हंजी डबल लेन झाली की! जेमतेम काय म्हनतोस? आपल्याकडं एवढ्यात दोन एसट्या, एक उसाची ट्रॉली अन् मधी बसलेली म्हैस जाती."

हॉटेल हसलं. मी विषय बदलायला म्हणून गटारांच्या झाकणांवर आलो. अशा शर्यतीआधी रस्त्यातली झाकणं वेल्डिंग करून पक्की करावी लागतात, कारण या गाड्या इतक्या खाली बसलेल्या आणि वेगात असतात, की खालच्या हवेच्या ओढीने झाकण उचकटून वर येतं.

मामांनी बशी खाली ठेवली.

"वेल्डिंग? मंग गाळ कसा काढतेत?"

"शर्यत झाल्यावर पुन्हा मोकळी करत असतील."

"करत असतील म्हंजी? तुला म्हाईत न्हाई?"

इथून पुढे माझी जी काही इज्जत होती ती उतरणीला लागली. सावरायला मी लास व्हेगासची गोष्ट काढली. 2023 चं साल, सराव सुरू होऊन पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती. कार्लोस साइन्झची फेरारी सरळ रस्त्यावर पाण्याच्या व्हॉल्व्हच्या झाकणावरून गेली आणि गाडीचा तळ फाटला. चौकशीत निघालं, की झाकणाभोवतीची काँक्रीटची चौकट निसटली होती.

"क्युरिंग कुणी केलं?" मामा खुर्ची ओढून आमच्या टेबलाला आले. "काँक्रीट टाकून किती दिवस पाणी मारलं? चौकट निघाली म्हंजी काँक्रीट पिकलंच न्हवतं. वरून डांबराचं कार्पेट ओढलं, फोटो काढला, बिल काढलं. आरं हे मी धा ठिकानी बघितलंय." मग ते सगळ्यांकडे वळले. बीबीएम काय, कार्पेट काय, सीलकोट काय, दबाई कमी पडली की खडी कशी उसळते, हे त्यांनी टेबलावर साखर पसरून दाखवलं. साखरेवरून ग्लास फिरवला, तो रोलर. माचिसची पेटी म्हणजे साइन्झ. माचिस साखरेवरून गेली, बिस्किटाचा तुकडा उडाला. लोक उठून जवळ आले. भज्यांचा घाणा सोडून आचारी आला. मी मध्येच म्हणालो, की त्यानंतर लोकांनी रात्रभर जागून व्हेगासची झाकणं वाळू अन् डांबर घालून बुजवली. त्यावर टी-शर्टवाला तो पोरगा मला म्हणाला, "सर, तुम्ही थांबा ना जरा."

मी थांबलो. आपला नरेन कार्तिकेयन 2005 मध्ये जॉर्डन संघाच्या गाडीत बसला, तेव्हापासून बघतोय मी हे. टायरची रबरं, इंधनाचे हिशोब, 2008 च्या सिंगापुरात धाकट्या पिके नावाच्या ड्रायव्हरने मुद्दाम भिंतीवर घातलेली गाडी, सगळं डोक्यात. ऐकायला कुणी नाही. आणि एक माणूस साखर सांडतो, तर हॉटेल भरतं.

"अन् त्या पोराला नुकसानभरपाई?" मामांनी मला पुन्हा बोलण्याची परवानगी दिली.

"भरपाई कसली मामा? आपटण्यात गाडीची बॅटरी गेली. नियमापेक्षा एक बॅटरी जास्त लागली म्हणून त्यालाच दंड झाला. शर्यतीत दहा जागा मागे उभा केला. सूट मागितली, तर पंच म्हणाले, आम्हाला तसा अधिकारच नाही."

हॉटेलात एकदम शांतता.

"झाकन त्यांचं," मामा बोटं मोडत म्हणाले, "रस्ता त्यांचा, गाडी याची मोडली, अन् दंड बी यालाच?"

"हाव."

"मंग हे आपलंच की रे सगळं!"

त्या क्षणी अमेरिका परभणीला जोडली गेली. ज्याला त्याला आपापलं झाकण आठवू लागलं. आमच्या कॉलनीतलं एक चेंबर रस्त्याच्या वर वीतभर आलेलं आहे. रस्ता केला तेव्हा चेंबर खाली होतं, मग उंच केलं, मग रस्ता करायचा राहिला. शेजारचं चेंबर खाली गेलेलं, त्यात बाभळीची फांदी आणि फांदीला लाल फडकं. त्या दोघांच्या मधून काढायला गेलो आणि माझ्या स्कूटीचा पुढचा शॉकअप गेला. तक्रार द्यायला एका कार्यालयात गेलो, तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "तुम्ही तिकडून गेलातच कशाला?" अर्ज तीन प्रतींत द्या म्हणाला. मी दिला. फांदी अजून तिथेच आहे, आता तर तिला पालवीसुद्धा फुटलीय. साइन्झची बाजू निदान कुणीतरी ऐकून तरी घेतली.

मी मालकाला आठवण दिली, की आपण सिंगापूरविषयी बोलत होतो. तिथला मोठा छळ उकाड्याचा, हे सांगितलं. दमट हवा, शर्यत पावणेदोन-दोन तासांची, ड्रायव्हरचं दोन-तीन किलो वजन घामात जातं. 2025 मध्ये तर तिथे पहिल्यांदाच उष्णतेचा अधिकृत धोका जाहीर केला. उष्मा 31 अंशांच्या वर जाणार असेल तर तसं करतात, आणि मग ड्रायव्हरला आतून गार पाणी फिरणारी बंडी वापरता येते.

"एकतीसला?" मामा म्हणाले. "एकतीस म्हंजी आपल्याकडं माघातली दुपार. अन् गार पान्याची बंडी?"

मग ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. चहाची बशी फिरवत राहिले. "मे म्हैन्यात गंगाखेड रोडला डांबर टाकायचो आमी," म्हणाले. "वरून चव्वेचाळीस, खालचा माल दीडशे डिग्रीचा. पायाला गोनपाट बांधायचो. गोनपाट बी घरचंच आनायचं, खात्याचं न्हाई. किलोचं कोन बघतंय, घरी पोचलं तरी बास." फेरारीचा टी-शर्टवाला पोरगा तेवढ्यावर हसला. मामांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्या पोराचा नव्याने राग आला, पण तोपर्यंत तो मोबाईलमध्ये घुसला होता.

शेवटी टीव्ही मिळाला. माझ्या शब्दावर नाही. मामांनी "लाव रे, बघू त्यांचं काम" म्हटल्यावर मिळाला. मालकाने मेनूच्या फळ्यावर, मिसळ आणि उपवासाच्या भगरीच्या खाली खडूने लिहिलंय : 'रविवार सायं. 5:30, सिंगापूर रोडची पाहणी. मुकादम मामा.' माझं नाव नाही. फॉर्म्युला वनचंही नाही. मेडिकलवाल्याने त्याचा फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली तीन हसरे चेहरे. ज्याच्या फेरारीला इतक्या वर्षांत जगज्जेतेपद नाही, त्याने हसावं!

ऐकतोय ते असं, की मामा चार-पाच जुने मैलमजूर घेऊन येणार आहेत. एक जण पेट्रोलपंपावरून येतोय, दोघं वाळूच्या धंद्यातले. बसायला जागा पुरणार नाही म्हणून मालक मागच्या खोलीतल्या खुर्च्या काढतोय. पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, कुणाची, पहिल्या वळणावर कोण कुठे असेल, टायर किती फेरे टिकेल, हे आम्ही ऑटोतले लोक दारात उभं राहून बघणार असं दिसतंय.

काल रात्री मामांचा फोन आला. आवाज खासगी, हळू.

"लेका, एक सांग. रविवारी झाकन उडतंय का? न्हाई म्हंजी त्याच टायमाला आमच्या गल्लीत पोथी बी हाय."

मी म्हणालो, "ते आधी सांगता येत नाही मामा."

"एवढ्या वर्सांपासून बघायलास न्हवं तू?" म्हणाले. "मंग नेमका कशाचा अभ्यास करायलास?" आणि फोन ठेवला.