मिरामारचं पाणी आणि कोंबडीचं अंडं

सुट्टी लागली की एक मेसेज फिरू लागतो. यंदाही आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर आला: "समुद्राचं पाणी खारं, म्हणून त्यात माणूस बुडत नाही. जितकं खोल, तितकं पाणी जास्त उचलतं. जाडा माणूस मात्र आधी तळाला जातो." सोबत मृत समुद्रात पाठीवर पडून पेपर वाचणाऱ्या बाप्याचा फोटो.

असं तिथे होतं खरं, पण ते आपल्या पणजीचा मिरामार किनारा नव्हे. मृत समुद्राचं लिटरभर पाणी सुमारे 1.24 किलो भरतं, आपल्या दर्याचं जेमतेम 1.025, विहिरीचं 1. म्हणजे विहिरीपेक्षा आधार जास्त तो अडीच टक्के. 60 किलोच्या माणसाला दीड किलो! नुसतं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं, ते पाण्याबाहेर कोण धरणार?

पटत नसेल तर मिरामारहून बाटलीभर पाणी आणा आणि त्यात ताजं अंडं सोडा. मी सोडलं, सरळ तळाला गेलं. (शिळं घेऊ नका, त्यात हवा धरलेली असते, ते साध्या पाण्यातही वर येतं.) मग लिटरभर नळाच्या पाण्यात दीडशे ग्रॅम मीठ विरघळवलं, तेव्हा कुठे तरंगलं. आगरवाड्याच्या मिठागरात मीठ धरायला आलेल्या पाण्यातही तरंगेल. त्यात पोहायला कोणी जात नाही.

खोलीचं तर उलटंच. पाणी किती उचलणार, हे आपण किती पाणी बाजूला सारतो त्यावर ठरतं. पायांखाली दोन मीटर आहे की दोनशे, त्याने काही बिघडत नाही. बुडी मारून 10 मीटर खाली गेलात तर दाब दुप्पट होतो, छातीतली हवा निम्म्या जागेत दबते, अंग कमी पाणी सारतं आणि आधार घटतो.

जाड्यांची बदनामी तर उगाच. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू जड.

यावर ग्रुपवर एकाने विचारलं, "मग खनिजाची बार्ज कशी तरंगते? खाऱ्या पाण्यामुळेच ना?" बार्ज म्हणजे सपाट तळाची मालवाहू होडी. 50 मीटर लांब, 10 मीटर रुंद असा तळ एक मीटर खाली बसला की 500 घनमीटर पाणी सरतं, म्हणजे 500 टनांची सोय गोड्या पाण्यातही झाली. रायबंदरच्या फेरीधक्क्यावर उभं राहून बघा: भरलेल्या बार्जचा काठ पाण्याला टेकल्यासारखा, रिकामी परतते तेव्हा गंजकं पोट उघडं. दोन मीटर बसलेली तीच बार्ज गोड्यातून खाऱ्यात शिरली, तर मिठामुळे वर येते पाचेक सेंटीमीटर.