सुपर फंडाच्या कर्जाने घेतलेल्या घरात राहता येत नाही

ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींत एक निरोप फिरतोय: ‘स्वतःचा सुपर फंड (निवृत्तीसाठीच्या बचतीचा फंड) काढा, त्यावर कर्ज काढून घर घ्या आणि खुशाल राहा.’ कर्जापर्यंतचं खरं आहे. 2007 पासून कायद्याने तशी मुभा आहे. पण राहायचं? अजिबात नाही. तुम्हीच काय, तुमचा मुलगा पूर्ण भाडं मोजायला तयार असला तरी त्यालाही नाही. स्वतःचं राहतं घर फंडाला विकणंही बंद. (धंद्याच्या गाळ्याचे नियम वेगळे.) कर्जाच्या पैशातून गळकं छप्पर दुरुस्त होईल, वरचा मजला चढवता येणार नाही. हप्ते थकले तर सावकाराचा हक्क त्या घरापुरताच, फंडातल्या बाकी पैशावर नाही. मात्र फंडाच्या सभासदांकडून, म्हणजे तुमच्याकडूनच, वैयक्तिक हमी बऱ्याचदा लिहून घेतात, ते निरोपात सोयीस्करपणे गाळलंय.