शंकराची प्रदक्षिणा आणि आमचा ए ॲक्सिस

एक्स, वाय, झेड, म्हणजे सरळ सरकणारे तीन ॲक्सिस, ही आमच्या सीएनसी मशीनची तीन पोरं गुणी आहेत. इकडे गेलं की भिंत, तिकडे गेलं की भिंत, दोन्ही टोकांना स्विच, धडकायच्या आत मशीन उभं. सकाळी होम (शून्याची जागा शोधायचं बटण) दाबलं की तिघंही आपापल्या कोपऱ्यात जाऊन शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी गप्प. वैताग आणला तो चौथ्याने. ए ॲक्सिस, म्हणजे एक्सभोवती फिरणारं, टेबलावर उभं लावलेलं रोटरी, ते जुन्या बाजारातून आणलं, त्याला सर्व्हो मोटर लावली आणि मी अख्ख्या शेडमध्ये सांगून टाकलं की शनिवारी दुपारपर्यंत चालू होतंय. कुठला शनिवार ते सांगितलं नव्हतं हे बरं झालं.

आता होमिंग लागतंच कशाला असं आमच्या घरी विचारतात. तर मोटरवरचे आमचे एनकोडर, म्हणजे फिरणं मोजणारे सेन्सर, साधे, त्यांना फक्त किती हललो ते कळतं, कुठे आहोत ते कळत नाही, आणि लाईट गेली की तेवढंही विसरतात. भोसरीत गुरुवारी बऱ्याचदा लाईट नसते, त्यामुळे शुक्रवारी सकाळी मशीन चालू केलं की नव्याने ओळख करून द्यावी लागते, बाबा रे, हे शून्य, इथून मोजायचं.

सरळ ॲक्सिसला ते सोपं आहे कारण त्याला टोक असतं. गोलाला टोक कुठलं?

पण हे डोक्यात यायला मला एक आठवडा लागला. पहिल्या तिघांचं वायरिंग कसं, तर एकच स्विच होमलाही आणि लिमिटलाही. मी ए ॲक्सिसला डोळे झाकून तसंच केलं. होम झालं, टाळ्या झाल्या, मामांनी चहा सांगितला, जॉब चालू केला आणि टेबल एक फेरा मारून परत शून्यावरून जायला लागलं तशी खटकन सगळी मशीन बंद. पडद्यावर 'जॉइंट ३ ऑन लिमिट स्विच एरर' (त्याची मोजणी शून्यापासून, म्हणून तीन म्हणजे आमचा चौथा). रिसेट केलं, चालू केलं, एक फेरा, खटकन बंद. ये रे माझ्या मागल्या. म्हणजे मी त्याला सांगत होतो फीर, आणि फिरला की सांगत होतो की मर्यादा ओलांडलीस.

मामा आमचे जुने ऑपरेटर, कराडकडचे, ३० वर्षं मशीनवर काढलेली. ते म्हणाले, "शेठ, ह्याला मारुतीची प्रदक्षिणा घालू द्या की, शंकराची कशापायी?"

आणि खरंच तेवढंच होतं. शंकराला पूर्ण फेरा नसतो, सोमसूत्रापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत. पाच ॲक्सिसच्या मशीनमध्ये जो टेबलाला तिरका करणारा ॲक्सिस असतो तो शंकराचा भक्त, त्याला दोन्हीकडे लिमिट पाहिजेच, नाहीतर टेबल जाऊन बॉडीला बसेल. चकची (जॉब धरणाऱ्या पकडीची) हवेची नळी टेबलाबरोबर फिरत असेल तरी पाहिजे, नाहीतर नळीचं वेटोळं होऊन शेवटी तुटते. आमच्याकडे नळी नाही, हाताने आवळायचा चक आहे, त्यामुळे आमचा मारुती. लिमिटची जोडणी काढली, सॉफ्ट लिमिट, म्हणजे सॉफ्टवेअरमधली मर्यादा, ९९९९९ करून टाकली. (मग २५ फेऱ्यांनंतर शून्यावर जा म्हटलं तर पठ्ठ्या २५ फेरे उलटे सोडवत बसला, सुताचा रीळ असल्यासारखा. आमचं मशीन चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रॅप्ड रोटरीची सेटिंग असते, ती १ केल्यावर शहाणा झाला.)

मध्ये दोन दिवस प्रॉक्सने, म्हणजे न शिवता धातू ओळखणाऱ्या होमच्या स्विचने, खाल्ले. टेबलाला डॉग (स्विचला दिसायचा तुकडा) म्हणून मी हाताशी पडलेला ॲल्युमिनियमचा तुकडा लावला होता, हलका आणि दिसायला छान. होम दाबलं तर टेबल आपलं फिरतंय, फिरतंय, स्विच काही सापडेना. चौथ्या फेऱ्याला मामा म्हणाले ह्याला चक्कर येईल आता. कॅटलॉगमध्ये स्विचला दिसायचं अंतर ४ मिलिमीटर लिहिलेलं असतं ते लोखंडासाठी, ॲल्युमिनियम त्याला निम्म्याहून कमी अंतरावरून दिसतं, हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी तेच केलं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. लोखंडी डॉग लावला, पहिल्याच फेऱ्यात सापडला.

त्यानंतर खरं भूत आलं. सकाळी जॉब बरोबर, जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद करून परत होम केलं की दुपारचे जॉब फिरलेले. फ्लँजची सहा भोकं एकमेकांशी अगदी ६० अंशांवर, पण की-वेच्या (चावी बसायच्या खाचेच्या) मानाने सगळीच सरकलेली. आठ पीस भंगारात. मी वायरी बदलल्या, शील्ड अर्थ केली, मोटरकडून टेबल फिरवणाऱ्या वर्म गिअरचा बॅकलॅश (दातांमधली ढील) बघितला, प्रॉक्सला शिव्या घातल्या. टेबलावर आणि बॉडीवर खूण करायची तर मार्करची शाई कूलंटने निघून जाते, म्हणून बायकोची नेलपॉलिश आणली, लालभडक, आणि त्या पॉलिशने मी एक रेघ मारली. सकाळी रेघेला रेघ, दुपारी नाही.

मामा दोन दिवस हातात ग्लास घेऊन बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शेठ, चूक कधी तीन न्हाई, साडेपाच न्हाई. दर येळी चारच अंश कशी?"

मी म्हटलं, "मामा, वर्म किती रेशोचा?"

"नव्वद."

३६० भागिले ९०. चार. मोटरचा एक फेरा म्हणजे टेबलाचे चार अंश, आणि मोटरच्या एनकोडरचा इंडेक्स पल्स, म्हणजे खुणेचा ठोका, फेऱ्याला एकदाच येतो. होमिंग आधी स्विच शोधतं आणि मग त्याच्यानंतरचा पहिला इंडेक्स पकडतं. आमचा स्विच नेमका इंडेक्सच्या उंबऱ्यावर लागत होता. सकाळी गार असताना केसभर आधी, म्हणून हाच पल्स. दुपारी पत्र्याची शेड तापली की केसभर नंतर, म्हणून तो निसटला आणि पुढचा पकडला, पूर्ण फेरा मारून. यष्टी स्टँडवरून सुटताना आपण फाटकात पोचावं तसं. पुढची यष्टी चार अंशांनी.

मोटर आणि वर्मला जोडणारं कपलिंग ढिलं केलं, मोटर अर्धा फेरा फिरवली, आवळलं. आता स्विच दोन पल्सच्या बरोबर मधे लागतो, पत्रा तापू दे नाहीतर गार पडू दे. डायल लावून वीस वेळा होम केलं, काटा जागचा हलला नाही. मामांनी ग्लास ठेवला आणि फक्त म्हणाले, "आता ते आठ पीस कुणाच्या नावावर टाकायचे?"

नेलपॉलिशची बाटली अजून कंट्रोल पॅनेलमध्येच आहे. घरी दोनदा विचारून झालंय.