‘छंदवाल्यांनी पैसे घेऊ नयेत’ या एक ताऱ्याच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तक्रारी थोडक्यात सांगतो. 4-5 आठवडे सांगून दुरुस्तीला दिलेला ॲम्प्लिफायरचा सेट 14 आठवड्यांनी दिला. फोन उचलले नाहीत. 11,400 रुपये घेतले. ओरिजिनल पार्ट काढून आवाजाचा गोडवा घालवला, आता नुसता बेस घुमतो. वर नवा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर (घरातले व्होल्ट कमी करून सेटला देणारा) गळ्यात मारायला बघितलं. आणि दोन महिन्यांत डावा चॅनल जायला लागला. शेवटचं वाक्य ‘छंद म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी पैसे घेऊ नयेत’.

डाव्या चॅनलचं आधी बोलू, कारण तिथे चूक माझी आहे. तुम्हीच लिहिलंय की हळू आवाजात डावा स्पीकर गप्प होतो आणि व्हॉल्यूम वाढवला की एकदम परत येतो. आमच्या धंद्यात एवढं वाक्य पुरतं. सेट चालू केल्यावर 4-5 सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो ना, तो स्पीकरचा रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा स्विच. त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले की बारीक सिग्नल अडकतो, मोठा रेटून जातो. तुमच्या सेटचा रिले उघडून मी कॉन्टॅक्टमधून स्पिरिटमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी ओढली होती. पट्टी काळी निघाली, दुसरी करडी, तिसरी पांढरी, आणि मी समाधान मानलं. बिलावरही ‘रिले साफ केला’ असंच लिहिलंय. बदलायला हवा होता. शे-दोनशे रुपयांचा पार्ट, तिथे काटकसर करायला नको होती.

उशिराचंही तसंच. तुमचा सेट आला तेव्हा उजव्या चॅनलची आउटपुट ट्रान्झिस्टरची (स्पीकरला ताकद देणारी) जोडी शॉर्ट होती. मूळ नंबर बनणं केव्हाच बंद झालंय, म्हणून पर्यायी नंबर शोधला आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून दोन जोड्या आणल्या. वरचं छापील काम जरा जास्तच सुबक वाटलं, म्हणून एक पकडीने फोडून पाहिला. आतली सिलिकॉनची चकती मसुरीच्या दाण्याहून लहान. असा नकली माल अर्धा तास गाणं वाजवतो, नंतर स्पीकर घेऊन जातो. चारही कचऱ्यात टाकले (त्यांचे पैसे तुमच्या बिलात नाहीत) आणि अधिकृत वितरकाकडून परदेशातून मागवले. त्यात आठवडे गेले. पण हे सगळं मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, ते आज सांगतोय. फोनचं म्हणाल तर चालू सेटमध्ये काम करताना मी एक हात खिशात ठेवतो, दुसऱ्यात मीटरची पिन असते. तेव्हा फोन उचलत नाही आणि उचलणारही नाही. संध्याकाळी उलट फोन करायला मात्र काही हरकत नव्हती.

आता ज्या गोष्टी मला मान्य नाहीत त्या.

तुमचा ॲम्प 1970 च्या दशकातला, जपानच्या घरगुती बाजारासाठी बांधलेला. मागे पत्र्यावर लिहिलंय 100 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ. (दोन आकडे का, तर त्या देशात पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60.) तुम्ही तो 110 व्होल्टच्या स्टेप-डाऊनवर चालवता. दहानेच तर जास्त, असं वाटतं. पण तो ट्रान्सफॉर्मर 230 चे 110 करतो, आणि आपल्याकडे 230 कुठे असतात? माझ्या टेबलावर त्या दिवशी 243 होते. म्हणजे 100 साठी बांधलेल्या सेटला 116 मिळत होते. सर्किटच्या कागदावर मुख्य सप्लाय अधिक-उणे 42 व्होल्ट आहे, तो गेला जवळपास 49 वर, आणि फिल्टरचे कंडेन्सर होते 50 व्होल्टचे. अशा सप्लायवर हा सेट किती वर्षं चाललाय कोण जाणे. दोन्ही कंडेन्सरची टोपी फुगली होती, म्हणून तिथे 63 व्होल्टचे घातले. डाव्या चॅनलच्या 0.47 ओहमच्या रेझिस्टरवर 10 मिलिव्होल्ट हवे होते, मिळाले 46. म्हणजे काही न वाजवताही 100 मिलिॲम्पच्या आसपास करंट वाहत होता. हीटसिंकवर बोट ठेववत नव्हतं ते यामुळे.

म्हणून 100 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या म्हटलं. मी ट्रान्सफॉर्मर विकत नाही. ‘कुठल्याही वाइंडिंगवाल्याकडून 240 ला 100 असा करून घ्या’ असं बिलाच्या मागे माझ्याच अक्षरात लिहिलंय. त्यात माझा एक रुपया नाही.

गोडव्याबद्दल. टोनच्या बोर्डावरचे 4.7 मायक्रोफॅरडचे कंडेन्सर मोजले तर एक 0.6 भरला, एक 0.4. हे कंडेन्सर एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल सोडतात. ते सुकले की खालचा आवाज प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा कापला जातो. सेट आणलात तेव्हा बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं आणि लाउडनेस (बेस आणखी वाढवणारं बटण) दाबलेला. साहजिकच, डग्गा ऐकू येत नसणार! कंडेन्सर नवे झाल्यावर बेस परत आला, आणि बटणं होती तिथेच राहिली. मी माझ्याकडे सगळं सरळ ठेवून ऐकलं होतं, पण देताना बटणं तुमच्या जागी परत फिरवून दिली, ग्राहकाची बटणं हलवायची नाहीत या जुन्या सवयीने. आता बेस मधोमध ठेवा, लाउडनेस सोडवा, आणि नाट्यसंगीताची तीच रेकॉर्ड पुन्हा लावा. फिल्मचे कंडेन्सर, व्हॉल्यूम, स्विच, सगळं मूळचंच आहे. जे काढलं ते पिशवीत घालून तुम्हाला दिलंय. तो कचरा म्हणालात, खरंच आहे, पण मोजून पाहता येतो.

पैसे: पार्ट 6,850, कुरियर 550, मजुरी 4,000. मजुरीत दोन शनिवार-रविवार गेले, शिवाय सिरीज बोर्डवर (सेटची वीज एका बल्बमधून जाते तो) ठेवून पाहिलेले तासही. तिथे 100 वॉटचा पिवळा बल्ब भडकून मंद होतो की लख्ख पेटून राहतो हे बघत बसायचं असतं. लख्ख राहिला तर लगेच बंद करायचं आणि पहिल्यापासून शोधायचं. तुमचा दोनदा लख्ख राहिला. छंद आहे, हो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरातल्या मागच्या खोलीत हौस म्हणून सुरू केलं. पण ट्रान्झिस्टर पाठवणाऱ्याला माझ्या हौसेचं काही पडलेलं नाही.

शनिवारी 11 नंतर सेट घेऊन या. रिले नवा घालतो, पैसे नाहीत, तासाभराचं काम आहे, समोर बसा. माझा 100 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून दोन्ही चॅनलचा बायसही (काही न वाजवता वाहणारा तो करंट) तुमच्यासमोर मोजतो. तारा बदला असं मी म्हणणार नाही. तुमचा स्टेप-डाऊनही बरोबर आणा, त्यातून नेमके किती व्होल्ट निघतात ते पाहू.