विरंगुळा कसला?

वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांचं राजकारण म्हणजे क्रिकेटनंतरचा विरंगुळा, हे त्यांच्यावरच्या लेखातलं वाक्य मला मुळीच पटलं नाही. १९५६ साली निवडून येऊन ते त्रिनिदादचे मंत्री झाले, पण खरी कसोटी लागली १९६३मध्ये. तेव्हा ते लंडनमध्ये त्रिनिदादचे उच्चायुक्त, म्हणजे राजदूतच, होते आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराची बस कंपनी गौरेतरांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती. अशा पदावरचा माणूस सहसा गप्प बसतो. कॉन्स्टंटाइन मात्र याविरुद्ध उघड बोलले. मायदेशच्या सरकारला ते रुचलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी पद सोडलं.

मी काही वर्षं ब्रिस्टलमध्ये होते, रोज बसनेच कामावर जायचे. बस कंपनीची ती बंदी उठल्यावरचा तिथला पहिला गौरेतर कंडक्टर एक शीख होता, हे कळलं तेव्हा फार भरून आलं होतं. आणि लेखात ब्रिस्टलचं नावही नाही!