अक्राणीतून आणलेले कागद

शहाद्याच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात गेल्या आठवड्यात वाद पेटला. कुणीतरी बातमी टाकली होती की अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरची पोरं स्वतःच घरोघर फिरून नोंदी करताहेत. ऊसतोडीला गुजरातेत कोण गेलं, उचल किती घेतली, मागे कुणाची म्हातारी एकटी राहिली. खाली लगेच एका शिक्षक मित्राचा अहिराणीत शेरा आला, "तेस्ले काय समजस? (त्यांना काय समजतं?) संशोधन विद्यापीठानं करावं." त्यावर दहा अंगठे. दुसऱ्यानं परदेशी पैशाचा संशय जोडला. इथे कॅनडात, विनिपेगमध्ये तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर प्लगला लावून वर आलो होतो, बूटही काढले नव्हते. तसाच दारात उभा राहून उत्तर लिहायला लागलो.

तेस्ले काय समजस? वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या २००८च्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब वनजमिनीच्या दाव्याला पुरावा म्हणून चालतो. ग्रामसभेची समिती जागेवर जाऊन पडताळणी करते. ज्यांना समजत नाही असं तुम्ही म्हणता, त्यांची आठवण कायद्यानं कागदाच्या पंगतीला बसवली आहे. आणि शहाद्याच्या माणसानं तरी हे विचारू नये. १९७२ साली आपल्याच गावात आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्यातले अंबरसिंग सुरतवंती भिल्ल समाजातलेच, कुमार शिराळकर बाहेरून शिकून आलेले. कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली हा हिशेब तेव्हा लोकांनीच मांडला. आदिवासींना जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७४चा आहे, म्हणजे नंतरचा.

इथे हा वाद कधीच मागे पडला. का, तेही सांगितलं पाहिजे. १९४०-५०च्या दशकांत इथल्या निवासी शाळांतल्या आदिवासी मुलांवर आहाराचे प्रयोग झाले. मुलं आधीच अर्धपोटी होती. त्यांना पोटभर खाऊ घालायचं सोडून कुणाला काय दिलं की काय होतं हे संशोधक मोजत बसले. २०१३ साली ते सगळ्यांसमोर आलं. त्याच्या कितीतरी आधी, १९९८ साली, इथल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे मूळ आदिवासी समाजांनी, आपल्या माहितीसाठी चार अटी घातल्या होत्या. मालकी आमची, नियंत्रण आमचं, पाहण्याचा हक्क आमचा, ताबाही आमचाच. खाली अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात, हवासुपाई आदिवासींनी मधुमेहाचा शोध लागेल म्हणून रक्त दिलं, ते त्यांना न विचारता भलत्याच अभ्यासांना वापरलं गेलं. २०१० साली तडजोड झाली, सात लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत. सातपुड्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीला बोटं टोचली जातात. त्या रक्ताचं पुढे काय होतं हे विचारणारी पोरं मला त्या पाड्यावर हवी आहेत.

मी ज्या आरोग्य केंद्रात काम करतो तिथे इराकमधून निर्वासित म्हणून आलेल्या यझिदी बायकांसाठी एक प्रश्नावली तयार झाली होती. पहिला प्रश्न, तिकडे तुमच्यावर काय गुदरलं? बायकांनी कागद वाचून घेतला आणि तो प्रश्नच खोडायला लावला. ते आम्ही पुष्कळांना सांगितलंय, म्हणाल्या. त्याजागी घाला, मागे राहिलेल्या भावाची फाइल कुठे अडली? अभ्यासाची दिशाच बदलली. चार महिने जास्त लागले, पण निघालेली माहिती खरी होती.

हे सगळं मी गटात लिहिलं. मग एकानं विचारलं, "भाऊ, तू केलं होतं का असं?"

नाही केलं. धुळ्याला कॉलेजात असताना आम्ही आठजण अक्राणीतल्याच धडगावच्या वर तीन पाड्यांत राहिलो. एका घरी महिनाभर ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली, पैसे दिले नाहीत, कुणी मागितलेही नाहीत. दोनशेच्या वर फॉर्म भरून आणले. त्यावर मला चांगले गुण मिळाले, पुढे इथे प्रवेश मिळताना तो अभ्यास कामी आला. त्या पाड्यांवर मी परत गेलो नाही. काय निघालं हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.

याहून जड एक गोष्ट आहे. इथे प्रत्येक सभेच्या सुरुवातीला मी उभा राहून म्हणतो की ही जमीन आदिवासींशी झालेल्या १८७१च्या पहिल्या कराराची, अनिशिनाबे, क्री, डकोटा आणि मेटी लोकांची. मनापासून म्हणतो. आमच्या वडिलांचं भिलाटीला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीला, लागून असलेलं सात एकराचं वावर आजोबांच्या आधी कुणाचं होतं, हे मात्र मी घरात कधी विचारलं नाही. सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नव्यानं ठरायचा. ओसरीवर बसून वडील आकडा सांगायचे, तो अंगणात उभा असायचा. मी खापरावरची पुरणपोळी खात ते बघायचो. ती पोळी मला इथे उणे तीसमध्ये आठवते आणि तिच्यासोबत तो उभा माणूसही.

त्याचा मुलगा आमच्याच वर्गात होता. त्या गटातही आहे. एवढा वाद झाला, दीडशे मेसेज पडले, त्यात त्याचा एकही नव्हता. मीही चार हात लांब मेसेज लिहिले, पण त्याला विचारलं नाही. आता त्याला काय विचारायचं, हे चार दिवस ठरवतोय. तोवर भावाला सांगून त्या वावराच्या जुन्या फेरफारांची नक्कल मागवली आहे.